आड भरलेला आहे. पोहरा कुठे आहे?

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील ‘सेमिकॉन इंडिया’च्या व्यासपीठावर पंतप्रधानांच्या हाती ‘विक्रम’ ही ३२ बिटांची चिप देण्यात आली आणि दिवसभर तिची छायाचित्रे आपल्या सर्वांच्या पडद्यांवरून फिरत राहिली. अभिमान वाटावा अशीच ती घटना होती. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीच्या साथीने घडवलेली ही चिप १८० नॅनोमीटर तंत्राची असून प्रक्षेपक यानांमधील संगणकांसाठी आहे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये इस्रोने या चिपविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातला एक तपशील फारसा कोणी वाचला नाही. चिपसाठी लागणारा कंपायलर, असेम्ब्लर, लिंकर, सिम्युलेटर आणि ही साधने एकत्र हाताळण्यासाठीचे सॉफ्टवेअर हे सारे संस्थेतच तयार केले आहे, असे त्यात नमूद होते.

इस्रोच्या अभियंत्यांना जे उमगले आहे ते आपल्या उर्वरित वैज्ञानिक व्यवस्थेला अद्याप उमगलेले नाही, ही माझी तक्रार आहे. हाताळण्याचे साधन नसेल तर उत्तमात उत्तम यंत्रही माणसाच्या उपयोगी पडत नाही. आपण चिपच्या कारखान्यांसाठी हजारो कोटींच्या योजना मंजूर करतो, परदेशी सॉफ्टवेअरचे परवाने विकत घेतो, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर व्याख्याने झोडतो. मात्र तेच मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला न घाबरता वापरता येईल असे करणे, हे काम कोणाचे, याचे उत्तर कोणत्याही मंत्रालयाकडे, विद्यापीठाकडे किंवा विभागप्रमुखाकडे नाही. इंटरफेस म्हणजे शेवटी लावायचा रंग, अशी आपली ठाम समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत आपले विद्यार्थी मोजत आहेत. हे मी एका उदाहरणाच्या आधारे सांगणार आहे.

उदाहरण इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या मॉडेलिंगचे घेऊ. सर्किट प्रत्यक्ष जोडण्यापूर्वी त्याचे गणिती प्रतिरूप संगणकात उभे करायचे, समीकरणे सोडवून घ्यायची आणि कोणत्या बिंदूवर किती व्होल्टेज येईल ते पाहायचे, हे आज प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्याचे रोजचे काम आहे. या कामाचे जगन्मान्य इंजिन म्हणजे ‘स्पाइस’. १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने ते लिहिले. पेडरसन यांचा आग्रह असा होता, की हे सॉफ्टवेअर मागेल त्याला मोकळेपणाने देता आले पाहिजे. तसे ते दिले गेले आणि जगभर पसरले. आज बाजारात मोठ्या किमतीला विकली जाणारी सर्किट सिम्युलेशनची अनेक सॉफ्टवेअरे याच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत. त्याच वंशातले ‘एनजीस्पाइस’ मात्र आजही मुक्त आहे, आणि त्याच्या गणिताला नावे ठेवण्याचे कारण नाही.

म्हणजे आडात पाणी आहे. ते कोणी कुलूप लावून ठेवलेलेही नाही. तरीही आपल्या किती महाविद्यालयांतले विद्यार्थी हे पाणी पितात? कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. एनजीस्पाइसला सर्किट ‘नेटलिस्ट’ नावाच्या मजकुराच्या यादीतून सांगावे लागते. प्रत्येक ओळीत एक घटक, तो कोणत्या दोन बिंदूंमध्ये जोडला आहे आणि त्याचे मूल्य किती. दिसायला सोपे, पण या यादीत असे काही खड्डे आहेत, की त्यांची माहिती नसणारा त्यांत हमखास पडतो.

पहिला खड्डा ‘एम’ या अक्षराचा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा. स्पाइसमध्ये दोन्ही एम म्हणजे मिलीच. मेगासाठी ‘मेग’ ही तीन अक्षरे लिहावी लागतात. याचे मूळ पंचकार्डांच्या काळात आहे, कारण तेव्हा लहान अक्षरे उपलब्धच नव्हती. ज्या विद्यार्थ्याने एक मेगाओहमचा रेझिस्टर पुस्तकात वाचला तसा लिहिला, त्याच्या सर्किटमध्ये एक मिलीओहमचा रेझिस्टर बसतो. चूक थोडीथोडकी नाही, शंभर कोटी पटींची आहे. वर सॉफ्टवेअर याबद्दल अवाक्षर काढत नाही. एक मिलीओहमचा रेझिस्टर असू शकतोच, म्हणून ते निमूटपणे उत्तर काढून देते.

दुसरा खड्डा पहिल्या ओळीचा. फाइलची पहिली ओळ नेहमी शीर्षक मानली जाते. पंचकार्डांच्या गठ्ठ्यावर सर्वांत वरचे कार्ड नावाचे असे, त्याचा हा वारसा. ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्याच ओळीत व्होल्टेजचा स्रोत लिहितो. सॉफ्टवेअर ती ओळ शीर्षक म्हणून बाजूला ठेवते, सर्किटला वीजच मिळत नाही आणि पडद्यावर शून्याची सरळ रेघ उमटते. मी स्वतः विद्यार्थिदशेत या सरळ रेघेकडे पाहत दोन रात्री काढल्या आहेत. दोष माझ्या समजुतीत आहे, आपल्याला हा विषय झेपत नाही, असेच मला तेव्हा वाटले. आज वाटते, की त्या दोन रात्रींत मी विज्ञानातले काहीही शिकलो नाही. मी केवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्डांच्या गठ्ठ्याशी झगडत होतो.

तिसरा खड्डा सर्वांत बोधप्रद आहे. दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडले आणि त्यांच्या मधल्या बिंदूला दुसरे काहीही जोडले नाही, तर एनजीस्पाइस सांगते: सिंग्युलर मॅट्रिक्स, अमुक बिंदू तपासा. वाक्य खरे आहे, पण नवख्याला त्यातून काय कळणार? प्रत्यक्षात घडते ते असे. सिम्युलेशन सुरू करताना सॉफ्टवेअर आधी सर्किटची स्थिर अवस्था शोधते. स्थिर अवस्थेत कपॅसिटरमधून प्रवाह वाहत नाही. त्यामुळे मधल्या बिंदूचे समीकरण रिकामे राहते, मॅट्रिक्सची ती ओळ शून्यांनी भरते आणि अशा मॅट्रिक्सचा व्यस्त काढता येत नाही. आता कल्पना करा, की हाच संदेश असा आला असता: ‘या बिंदूपासून ग्राउंडपर्यंत स्थिर प्रवाहाला वाट नाही, म्हणून त्याचे व्होल्टेज ठरवता येत नाही. येथून ग्राउंडला एखादा फार मोठा रेझिस्टर जोडून पाहा.’ एवढ्या दोन वाक्यांत विद्यार्थ्याला कपॅसिटरचा स्वभाव, किर्चहॉफचा नियम आणि रेषीय बीजगणित यांचा संबंध समजला असता. वर्गातल्या तासाने जे साधले नसते ते एका एररने साधले असते.

हा संदेश कोण लिहू शकतो? ज्याला सर्किट कळते, मॅट्रिक्स कळते आणि नवख्याचे मन कळते, तोच. रंगांची निवड करणाऱ्या सजावटकाराचे हे काम नाही. मग या कामाला आपण विज्ञान का म्हणत नाही?

म्हणूनच पवईच्या आयआयटी मुंबईत चाललेल्या एका उपक्रमाची दखल घेणे अगत्याचे आहे. माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेच्या निधीतून, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणणे हे त्याचे उद्दिष्ट. त्याच प्रकल्पातून ‘ईसिम’ तयार झाले. सर्किट हाताने रेखाटण्यासाठी ‘कीकॅड’, समीकरणे सोडवण्यासाठी एनजीस्पाइस आणि या दोघांना जोडणारा पायथन भाषेत लिहिलेला सांधा, अशी त्याची रचना आहे. डिजिटल भागांसाठी ‘जीएचडीएल’ची जोड दिली आहे. त्यामुळे विद्यार्थ्याने नेटलिस्ट अक्षर-अक्षर लिहिण्याऐवजी सर्किट काढावे, स्रोताचे मूल्य चौकटीत भरावे आणि आलेख पाहावा, हे शक्य झाले. याच प्रकल्पातील ‘ओस्डॅग’ हे सॉफ्टवेअर पोलादी बांधकामाचे सांधे आणि घटक ‘आयएस ८००’ या भारतीय मानकानुसार तपासून त्यांचे त्रिमितीय चित्र आणि हिशेबाचा अहवाल हाती देते.

ईसिमची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट तांत्रिक नाही. ते समूहाने घडवले जाते. देशभरातील विद्यार्थी उन्हाळी फेलोशिपसाठी येतात आणि त्याचे भाग लिहितात. दूरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सर्किटे त्यात उभी करून पाहतात आणि मानधन मिळवतात. प्रयोगशाळांनी महागड्या सॉफ्टवेअरवरून मुक्तस्रोताकडे यावे म्हणून ‘लॅब मायग्रेशन’चे काम चालते. ‘स्पोकन ट्युटोरियल’ या जोडप्रकल्पाचे दहाएक मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. मुक्तस्रोताच्या बाबतीत आपण केवळ घेणारे राहिलो, देणारे झालो नाही, असा आरोप आपल्यावर होतो. हे काम त्या आरोपाला दिलेले उत्तर आहे.

तथापि मी येथे स्तुतिस्तोत्र गाण्यासाठी बसलेलो नाही. ईसिम वापरणाऱ्याला आजही बरेच टप्पे पार करावे लागतात. कीकॅडच्या खिडकीत सर्किट काढा, नेटलिस्ट काढा, ईसिमच्या खिडकीत परत या, ती नेटलिस्ट एनजीस्पाइसच्या रूपात बदला, विश्लेषणाचा प्रकार आणि घटकांची मॉडेले निवडा, मग सिम्युलेशन चालवा. मधल्या काळात आकृती बदलली आणि नेटलिस्ट नव्याने काढायची राहिली, की जुन्याच सर्किटचे उत्तर समोर येते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जे सॉफ्टवेअर इतरांच्या सॉफ्टवेअरभोवती कवच म्हणून उभे असते, त्याला मूळ प्रकल्पांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर धावावे लागते. कीकॅडने तर २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून एनजीस्पाइस स्वतःच्याच आकृती-संपादकात सामावून घेतले आहे. मूळ प्रकल्प पुढे गेला आणि कवच मागे राहिले, की वापरणारा पुन्हा खड्ड्यात.

हे दोष ईसिमवर राबणाऱ्यांच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. ते आपण आखलेल्या व्यवस्थेचे दोष आहेत. फेलोशिप उन्हाळ्याची असते. विद्यार्थी येतो, पहिले दिवस कोड समजून घेण्यात जातात, हात बसतो न बसतो तोच सुटी संपते. जाताना त्याने काहीतरी नवे जोडलेले असावे लागते, कारण प्रमाणपत्रावर नव्याचेच कौतुक होते. नव्याचे नऊ दिवस सरतात. दहाव्या दिवशी ते नीट चालते की नाही हे पाहणारा माणूस लागतो, आणि तो दहा वर्षे त्याच खुर्चीत बसलेला लागतो. अशा माणसासाठी आपल्या विद्यापीठांत पद नाही. प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या अर्जात शोधनिबंधाला रकाना आहे, पेटंटला आहे, पुस्तकाला आहे. ‘एक अगम्य एरर संदेश सुबोध केला, त्यामुळे हजारो विद्यार्थ्यांचा वेळ वाचला’ हे लिहिण्यासाठी रकाना माझ्या पाहण्यात नाही. ज्याला रकाना नाही, ते काम शहाणा माणूस करीत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला तोंडपाठ झाले आहेत.

पहिला आक्षेप जुन्याजाणत्यांचा: खरा अभियंता आज्ञा टाइप करून काम करतो, बटणे ही लेकुरवाळ्यांची सोय. आज्ञावलीची ताकद मला मान्य आहे. एकच सर्किट हजार वेगवेगळ्या मूल्यांनी तपासायचे असेल तर बटणांपेक्षा चार ओळींची आज्ञा केव्हाही सरस. पण ती दहाव्या पायरीवरची सोय आहे, आणि आपण तिलाच पहिली पायरी करून ठेवले आहे. आम्ही सोसले म्हणून तुम्हीही सोसा, हे सासुरवासाचे तर्कशास्त्र आहे. त्याला अध्यापनशास्त्र म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आणि अधिक गंभीर: सोपा इंटरफेस विज्ञान झाकतो, मुले नुसती बटणे दाबायला शिकतात. वाईट इंटरफेसबद्दल हे शंभर टक्के खरे आहे. चांगल्या इंटरफेसबद्दल नाही. आकृतीशेजारी तिची नेटलिस्ट उघडी दिसावी, रेझिस्टरचे मूल्य बदलताच त्या ओळीतला आकडा बदललेला दिसावा, ‘एक एम’ लिहिताच ‘तुम्हाला मिली म्हणायचे आहे की मेगा?’ असा प्रश्न यावा. यात झाकले काय गेले? उलट जे आज काळ्या पडद्याआड आहे ते उघडे पडेल. दुर्बोधता म्हणजे सखोलता, हा आपल्या शिक्षणातला जुना भ्रम आहे. पारिभाषिक शब्दांच्या भिंती बांधून ज्ञानाची राखण करण्याची सवय आपल्याला नवी नाही, एवढेच सांगून पुढे जातो.

तिसरा आक्षेप धोरणकर्त्यांचा: परवाने आम्ही देतोच, मग ही यातायात कशाला? केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमाचे उद्दिष्ट ८५ हजार अभियंते घडवण्याचे आहे. बंगळुरूच्या सी-डॅकमधील केंद्रामार्फत शैक्षणिक संस्थांना चिप-आरेखनाची व्यापारी साधने उपलब्ध करून दिली जातात. हे चांगले काम आहे आणि अतिसूक्ष्म चिपच्या आरेखनाला आज त्या साधनांशिवाय तरणोपाय नाही, हेही मी मान्य करतो. पण परवाना म्हणजे भाड्याचे घर. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला, की किल्ली परत करावी लागते. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लॅपटॉपवर त्याच्या हाती काही उरत नाही. आणि घरमालकाची मर्जी फिरली तर? जून २०२० मध्ये चीनमधील हार्बिनच्या दोन विद्यापीठांना ‘मॅटलॅब’ वापरणे अचानक बंद झाले, कारण अमेरिकेने त्यांची नावे आपल्या निर्बंध-यादीत घातली होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेने चिप-आरेखनाच्या सॉफ्टवेअरची चीनला होणारी विक्री रोखली आणि जुलैच्या आरंभी ती पुन्हा सुरू करू दिली. एका पत्राने बंद, दुसऱ्या पत्राने सुरू. आपले संबंध आज चांगले आहेत. ते तसेच राहोत. पण महासंगणक नाकारला गेल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन करणाऱ्या आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा करणाऱ्या देशाला हा धडा दुसऱ्याने शिकवायला नको.

या आक्षेपाची एक काळी बाजूही आहे. अनेक महाविद्यालयांत परवाना नसतोच. असते ती कुलूप फोडलेली चोरटी प्रत. ती कोणी आणली हे कोणी विचारत नाही आणि सर्वांना ठाऊक असते. मुक्त आणि निर्दोष इंजिन फुकट मिळत असताना विद्यार्थी चोरीची प्रत का पत्करतात? नीतीची व्याख्याने देण्यापूर्वी याचे उत्तर आपण प्रामाणिकपणे द्यावे: तिचा इंटरफेस वापरता येतो म्हणून.

चौथा आक्षेप सर्वांत गोड आवाजात येतो: मुक्तस्रोत म्हणजे सेवाभाव, समूह आपोआप करील. आपोआप काही होत नसते. ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरची कहाणी पाहा. २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून ते मुक्त करून घेतले. तरीही वर्षानुवर्षे नवखे त्यापासून पळत, कारण त्यातली साधी निवडसुद्धा माऊसच्या उजव्या बटणाने करावी लागे. जुने वापरकर्ते त्या पद्धतीचे हिरिरीने समर्थन करीत. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० या आवृत्तीने इंटरफेस मुळापासून बदलला आणि डावे बटण रूढ केले. त्याच महिन्यात एपिक गेम्स या कंपनीने ब्लेंडरला बारा लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले. मार्च २०२५ मध्ये लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ या ब्लेंडरमध्ये बनलेल्या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर जिंकले. या यशामागे स्वयंसेवक आहेत, तसेच देणग्यांतून पगार घेणारे पूर्णवेळ प्रोग्रामरही आहेत. कीकॅडच्या सुधारणेसाठी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ पासून आपले मनुष्यबळ लावले. मूलकणांचा शोध घेणाऱ्या संस्थेला सर्किट बोर्ड रेखाटण्याचे सॉफ्टवेअर सुधारणे कमीपणाचे वाटले नाही.

‘फ्रीकॅड’चे उदाहरण तर दोन्ही अंगांनी शिकण्यासारखे आहे. यंत्रभागांचे हे मॉडेलिंग सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आहे, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ते अधिक सुबोध करून त्यावर व्यवसाय उभारण्यासाठी ‘ऑन्डसेल’ नावाची कंपनी निघाली होती. ती त्याच सुमारास बंद पडली. व्यवसाय बुडाला, पण त्यांनी भागांची जुळणी करण्यासाठी लिहिलेला विभाग फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत कायमचा राहिला. बंद सॉफ्टवेअरची कंपनी बुडाली, की तिचे कामही तिच्याबरोबर बुडते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माणसे गेली तरी काम मागे उरते. सार्वजनिक पैसा कुठे गुंतवावा याचा निर्णय करायला एवढे पुरेसे नाही का?

तेव्हा नुसती हळहळ नको. चार मागण्या मांडतो.

पहिली मागणी निधी देणाऱ्यांकडे. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याचा आत्मा शैक्षणिक प्रयोगशाळेत उतरवायचा असेल, तर व्यापारी परवान्यांवर होणाऱ्या खर्चाचा ठरावीक हिस्सा त्याच कामाच्या मुक्त साधनांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. नव्या सुविधांसाठी मागू नका. देखभालीसाठी, दस्तऐवजांसाठी, इंटरफेससाठी आणि किमान पाच वर्षे टिकणाऱ्या पूर्णवेळ पदांसाठी द्या.

दुसरी मागणी विद्यापीठांकडे. मान्यताप्राप्त मुक्तस्रोत प्रकल्पात स्वीकारली गेलेली सुधारणा ही शैक्षणिक कामगिरी म्हणून मोजा. ती कोणी केली, केव्हा केली, कोणी तपासली, हे सारे जाहीर नोंदलेले असते. इतकी पारदर्शक तपासणी आपल्या कित्येक शोधनिबंधांच्या नशिबी नसते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात दरवर्षी तीच ती उपस्थिती-नोंद आणि ग्रंथालय-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे घडवण्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी ईसिममधील एक अवघड टप्पा सोपा केला, तर ते अधिक शिकतील.

तिसरी मागणी खुद्द भारतीय प्रकल्पांकडे. आपले कवच जाड करण्यापेक्षा सुधारणा मूळ प्रकल्पांत पोहोचवा. एनजीस्पाइसचा संदेश आपण एनजीस्पाइसमध्येच सुधारला, तर तो आपल्याबरोबर ब्राझीलच्या विद्यार्थ्यालाही मिळतो आणि पुढच्या आवृत्तीत आपल्याला पुन्हा धावावे लागत नाही. शिवाय दर वर्षी पन्नास नवख्यांना सॉफ्टवेअरसमोर बसवा, मागे उभे राहा आणि काही न सांगता ते कुठे अडतात ते लिहून घ्या. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी केली जाते.

चौथी मागणी भाषेची. २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची मुभा मिळाली आहे. पुस्तके मराठीत आली, तास मराठीत झाला; पण संगणकासमोर बसताच एरर मात्र इंग्रजीत, आणि तीही इंग्रजी जाणणाऱ्यालाही न कळणारी. मेनूंचे भाषांतर नंतर करा. आधी एरर संदेशांचे करा, कारण माणसाला मायबोलीची गरज संकटात सर्वाधिक असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये यासाठी मालकाची विनवणी करावी लागेल. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आपण आज रात्री सुरुवात करू शकतो.

आणि आता विद्यार्थिमित्रहो, शेवटचे तुमच्याशी. तुम्ही म्हणाल, आम्हाला कोड लिहिता येत नाही, आम्ही काय करणार? तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे जी तज्ज्ञाकडे उरलेली नसते: तुमचे अडखळणे अजून ताजे आहे. ज्याने वीस वर्षे स्पाइस वापरले त्याला पहिल्या ओळीचा खड्डा दिसतच नाही. त्याचे पाय सवयीने बाजूने जातात. तुम्ही त्यात नुकतेच पडला आहात. कुठे पडलात, काय टाइप केले होते, काय अपेक्षित होते आणि पडद्यावर काय आले, एवढे नेमके चार मुद्दे लिहून त्या प्रकल्पाच्या त्रुटी-नोंदवहीत टाका. हे काम या आठवड्यात होण्यासारखे आहे आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. लिहिताना लाजू नका. सरळ रेघ पाहून ‘मला हा विषय झेपत नाही’ असे म्हणत उठून जाणारा विद्यार्थी ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी हानी आहे, आणि ती कोणत्याही अहवालात मोजली जात नाही.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपले वाडवडील म्हणत. आपली स्थिती नेमकी उलटी आहे. आड काठोकाठ भरलेला आहे, आणि त्यासाठी जगातल्या अनेकांनी अर्धशतक घाम गाळला आहे. पोहरा बांधायला दोर लागतो, लोखंड लागते आणि ते काम करणाऱ्याला मजुरी लागते. ती द्यायची नसेल, तर मुक्तस्रोताच्या नावाने टाळ्या वाजवण्याचा अधिकारही आपण सोडावा.